नवा मॅक मिनी : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

अ‍ॅपलने २९ ऑक्टोबर २०२४ रोजी, म्हणजे आपल्याकडील धनत्रयोदशीच्या दिवशी, मॅक मिनी या आपल्या सर्वांत लहान डेस्कटॉप संगणकाची नव्याने घडवलेली आवृत्ती जाहीर केली आणि ८ नोव्हेंबरपासून त्याची विक्री सुरू झाली. तेव्हापासून या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे याच यंत्राविषयी आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून निवडक प्रश्नांची उत्तरे या अंकात देत आहोत.

प्रश्न : नव्या मॅक मिनीचा केवळ आकार लहान केला आहे, की आतही काही बदल आहे? माझे काम लेखन, ई-मेल, परगावच्या नातवंडांशी व्हिडिओवर बोलणे आणि घरची छायाचित्रे सांभाळणे एवढेच आहे. — निवृत्त मुख्याध्यापक, नाशिक

बदल दोन्ही ठिकाणी आहे आणि आपल्यासारख्या वापरणाऱ्याच्या दृष्टीने आतला बदल अधिक मोलाचा आहे. मॅक मिनी पहिल्यांदा जानेवारी २००५ मध्ये आला, तेव्हा त्याची अमेरिकेतील किंमत ४९९ डॉलर होती आणि मॉनिटर, कीबोर्ड व माउस ग्राहकाने आपला आणायचा, अशी त्यामागची कल्पना होती. २०१० मध्ये त्याला अ‍ॅल्युमिनियमचे पसरट रूप मिळाले, साधारण १९.७ सेंटिमीटर लांबीरुंदीचे आणि ३.६ सेंटिमीटर उंचीचे. पुढे त्यात इंटेलचे प्रोसेसर बदलत गेले, २०२० मध्ये अ‍ॅपलची स्वतःची एम१ चिप आली, २०२३ मध्ये एम२ आली, पण बाहेरची पेटी जवळजवळ तीच राहिली. नव्या चिपना इंटेलच्या चिपपेक्षा खूपच कमी वीज लागते आणि त्या कमी तापतात, त्यामुळे त्या पेटीत मोकळी जागा उरत होती. ती जागा काढून टाकून आता १२.७ सेंटिमीटर लांबीरुंदीची आणि ५ सेंटिमीटर उंचीची पेटी केली आहे. विजेचा पुरवठा करणारा भागही आतच बसवलेला असल्यामुळे बाहेर जड अ‍ॅडॉप्टर लोंबकळत नाही, भिंतीपासून थेट एक केबल येते. नव्या यंत्रात अ‍ॅपलची एम४ ही चिप आहे (महागड्या मॉडेलमध्ये एम४ प्रो); एम४ चिप असलेल्या यंत्राचे वजन सुमारे ६७० ग्रॅम आहे.

आतला महत्त्वाचा बदल मेमरीचा आहे. २०२३ चा एम२ मॅक मिनी भारतात ५९,९०० रुपयांना मिळत असे आणि त्यात ८ जीबी मेमरी होती; नवा एम४ मॅक मिनीही ५९,९०० रुपयांनाच आला, पण त्यात १६ जीबी मेमरी आहे. किंमत तीच ठेवून मेमरी दुप्पट होणे ही मला या साऱ्या घोषणेतील सर्वांत चांगली बातमी वाटते, कारण ८ जीबीचे यंत्र आज नीट चालले तरी चार-पाच वर्षांनी अडखळू लागण्याची शक्यता होती. आपल्या कामासाठी मूळ किमतीचेच यंत्र घ्यावे, त्याहून वरचे घेण्याची गरज नाही.

एक गोष्ट मात्र दुकानात जाण्यापूर्वी लक्षात ठेवावी. या यंत्रात कॅमेरा नाही आणि मायक्रोफोनही नाही. आत एक साधा स्पीकर तेवढा आहे. नातवंडांशी बोलायचे तर वेबकॅम घ्यावा लागेल, किंवा आपल्याकडे आयफोन असल्यास तोच मॅकचा कॅमेरा म्हणून वापरता येईल.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. २५६ जीबी साठवण पुरेल का? की पैसे जमवून ५१२ जीबीचे मॉडेल घ्यावे? — विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

या प्रश्नाचे उत्तर देताना मेमरी आणि साठवण यांतील फरक आधी पक्का करून घेऊ या, कारण खरेदी चुकते ती बहुधा इथेच. मेमरी म्हणजे चालू कामाला लागणारी जागा आणि साठवण म्हणजे फायली कायम ठेवण्याची जागा. एम४ मॅक मिनीची मेमरी चिपच्याच आवरणात बसवलेली असते. ती नंतर वाढवता येत नाही. कोणत्याही दुकानात, कितीही पैसे दिले तरी नाही. साठवणीचे तसे नाही. आतली साठवण अपुरी पडली तर बाहेरून एसएसडी, म्हणजे फायली ठेवण्याचे वेगवान उपकरण, जोडता येते, आणि या यंत्राच्या पोर्टचा वेग इतका आहे की बाहेरच्या चांगल्या एसएसडीवर काम करताना रोजच्या वापरात फारसा फरक जाणवत नाही. पुढच्या बाजूच्या दोन्ही यूएसबी-सी पोर्टना सेकंदाला १० गिगाबिट आणि मागच्या तीन थंडरबोल्ट ४ पोर्टना सेकंदाला ४० गिगाबिटपर्यंत वेग मिळतो.

आता किमती पाहा. २५६ वरून ५१२ जीबीवर जाण्यासाठी अ‍ॅपल २०,००० रुपये जास्त घेते, म्हणजे यंत्र ७९,९०० रुपयांचे होते. त्या वीस हजारांहून कमी पैशांत १ टीबीची बाहेरची एसएसडी बाजारात मिळते. म्हणून माझे मत असे आहे की, २५६ जीबीचेच यंत्र घ्यावे आणि व्हिडिओ, छायाचित्रे, जुने प्रकल्प, डाउनलोड केलेले मोठे संच हे सारे बाहेरच्या एसएसडीवर ठेवावे. फोटोंचा संपूर्ण संग्रह बाहेर हलवता येतो. फक्त ती एसएसडी मॅकच्या एपीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी. तुमच्या अभ्यासात आभासी यंत्रे चालवणे किंवा मशीन लर्निंगची मोठी प्रारूपे संगणकावरच चालवून पाहणे असेल आणि वीस हजार रुपये हाताशी असतीलच, तर ते साठवणीऐवजी २४ जीबी मेमरीवर घालावेत.

तुम्ही विद्यार्थिनी असल्यामुळे तुम्हाला शैक्षणिक किमतीचा लाभ मिळतो. मूळ मॉडेल त्या योजनेत ४९,९०० रुपयांना आहे, म्हणजे वाचलेले दहा हजार बाहेरच्या एसएसडीसाठी वापरता येतात.

तुमच्या महाविद्यालयातील काही सॉफ्टवेअर केवळ विंडोजवर चालणारी असतील. यंत्र घेण्याआधी पुढच्या दोन सत्रांत लागणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी विभागातून मागून घ्या आणि त्यांतील प्रत्येकाची मॅकसाठी आवृत्ती आहे का, ते पाहा. इंटेलच्या मॅकवर विंडोज वेगळे बसवून ते थेट सुरू करण्याची बूट कॅम्पची सोय होती. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिप असलेल्या यंत्रांवर ती नाही.

प्रश्न : माझे मेहुणे न्यू जर्सीला असतात आणि जानेवारीत येणार आहेत. तिथे हा संगणक ५९९ डॉलरला आहे. त्यांच्याकडून मागवला तर किती पैसे वाचतील? — औषधविक्रेते, जळगाव

वाटते त्यापेक्षा बरेच कमी. यंत्र आले तेव्हाच्या, म्हणजे २०२४ अखेरच्या दराने डॉलर ८४ रुपयांच्या आसपास धरला तर ५९९ डॉलरचे सुमारे ५०,३०० रुपये होतात. परंतु अमेरिकेत छापलेल्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो. न्यू जर्सीत तो ६.६२५ टक्के आहे, त्यामुळे मेहुण्यांना प्रत्यक्षात सुमारे ६३९ डॉलर, म्हणजे साधारण ५३,६०० रुपये मोजावे लागतील. आपल्याकडील ५९,९०० रुपयांत १८ टक्के जीएसटी आधीच धरलेला आहे. तो वजा केला तर मूळ किंमत ५०,७६० रुपयांच्या आसपास येते, म्हणजे कर बाजूला ठेवले तर दोन्ही देशांतील किंमत जवळपास सारखीच आहे.

शिवाय विमानतळावरील सीमाशुल्काच्या नियमांत प्रौढ प्रवाशाला एक लॅपटॉप स्वतंत्रपणे करमुक्त आणता येतो, पण ती सवलत डेस्कटॉपला लागू नाही. मॅक मिनी हा ठरावीक रकमेपर्यंतच्या सर्वसाधारण सवलतीत मोजला जाईल, आणि मेहुण्यांनी घरच्यांसाठी आणलेल्या इतर वस्तूही त्याच मर्यादेत मोजल्या जातील. मर्यादेच्या वरच्या रकमेवर शुल्क भरावे लागते. तुम्ही व्यावसायिक आहात आणि जीएसटीखाली नोंदणीकृत असाल, तर इथे तुमच्या क्रमांकाचे पक्के बिल घेऊन व्यवसायाच्या वापरासाठी भरलेल्या कराचे क्रेडिट घेता येते. मग तर इथली खरेदीच स्वस्त पडते. मेहुण्यांना सामानात दुसरे काही आणू द्यावे.

तरीही तिथून आणलेले यंत्र कोणाकडे असेल तर त्याने विजेची चिंता करू नये. ते १०० ते २४० व्होल्टवर चालते आणि त्याची केबल सुटी असल्याने भारतीय पिनची केबल वेगळी घेऊन लावता येते.

प्रश्न : आमचे छोटे डीटीपी केंद्र आहे. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, शाळांच्या स्मरणिका, सहकारी संस्थांचे अहवाल अशी कामे आम्ही विंडोजवर जुन्या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो. आमच्या संगणकांवर विंडोज १० आहे आणि त्याची मुदत संपली आहे असे ऐकतो. या निमित्ताने मॅक मिनी घ्यावा का? — डीटीपी व्यावसायिक, सांगली

विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे खरे आहे. तरीही निर्णय घाईने न घेता सावधपणे घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन, कारण सर्व पत्रांत सर्वाधिक धोका तुमच्या स्थलांतरात आहे.

तुम्ही वापरता ते जुने सॉफ्टवेअर युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांवर अक्षरे एकसारखी ओळखली जाण्याची पद्धत, येण्यापूर्वीच्या काळातले असावे. त्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी अक्षरांच्या आकृत्या इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेल्या असतात, म्हणून तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. फाँट ट्रू-टाइप असेल तर तो मॅकवर बसतो आणि जुनी फाइल बहुतेक वाचता येते, तरी काही चिन्हांची जागा चुकण्याचा संभव असतो. खरी अडचण टंकनाची आहे. तुमच्या बोटांखालच्या कळा आणि पडद्यावरची अक्षरे यांची सांगड घालणारा प्रोग्रॅम विंडोजसाठी लिहिलेला असतो, आणि अशी अनेक सॉफ्टवेअर यूएसबीचे डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली म्हणून संगणकाला लावायचे छोटे उपकरण, लावल्याशिवाय सुरूच होत नाहीत.

विक्रेता तुम्हाला सांगेल की, मॅकवर पॅरेलल्ससारख्या प्रोग्रॅममध्ये विंडोज चालवता येते. ते खरे आहे. मायक्रोसॉफ्टची त्याला अधिकृत संमतीही आहे. मात्र तिथे चालते ते एआरएम चिपसाठीचे विंडोज ११, कारण अ‍ॅपलच्या चिप त्याच प्रकारच्या आहेत. त्यावर इंटेलसाठी लिहिलेले साधे प्रोग्रॅम अनुवादित होऊन चालतात, पण ड्रायव्हर, म्हणजे जोडलेले उपकरण ओळखून चालवणारे प्रोग्रॅम, तसे चालत नाहीत. ते एआरएमसाठीच लिहिलेले असावे लागतात. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या डोंगलचा एआरएमसाठी ड्रायव्हर कोणी लिहिलेला असण्याची आशा धरू नये. म्हणजे सॉफ्टवेअर बसेल, उघडेल आणि डोंगल सापडत नाही असे सांगून बंद होईल. ऐन लग्नसराईत हे कळण्यापेक्षा आज कळलेले बरे.

म्हणून माझा सल्ला असा आहे. मॅक मिनी घ्यायचा असेल तर तो नव्या, युनिकोडमधील कामासाठी घ्या आणि जुन्या कामांसाठी एक विंडोजचे यंत्र डोंगलसह जसेच्या तसे ठेवा. त्याची इंटरनेटची जोडणी मात्र, पाठिंब्याची मुदत संपली असल्यामुळे, काढून टाका. पाने जुळवण्याच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला म्हणजे युनिकोड मराठीतील जोडाक्षरे व वेलांट्या योग्य जागी बसतात. मजकुराची भाषा मराठी ठरवली आणि फाँटमध्ये तशी सोय असली, तर ल आणि श यांची आपली वळणे मिळतात, हिंदी वळणाची नाहीत. मॅकओएसमध्ये देवनागरीचे फाँट मुळातच असतात. त्यांतील श्री देवनागरी ७१४ हा पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचा आहे, त्यामुळे त्याचे वळण तुमच्या ग्राहकांच्या डोळ्यांना परके वाटणार नाही. कळफलकासाठी इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी, अशा दोन्ही मांडण्या मॅकओएसमध्ये आहेत. तुमचे टंकलेखक जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर हात बसलेले असतील, तर त्यांच्यासाठी वेगळी कळफलक-फाइल बसवून घ्यावी लागेल. हात बसलेल्या माणसाला नवी मांडणी शिकायला वेळ लागतो आणि तो वेळ त्यांना कामाच्या गर्दीबाहेर मिळाला पाहिजे.

जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करताना प्रत्येक मजकूर वाचूनच पुढे पाठवा. रूपांतर करणारे प्रोग्रॅम हमखास घसरतात ते रफारावर आणि अर्ध्या ऱ्यावर. ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते आणि ‘वऱ्हाड’चे ‘वर्हाड’. पत्रिकेत ‘वऱ्हाडी मंडळी’ चुकली तर यजमान ते कधी विसरत नाहीत. असे नेहमी बिघडणारे शब्द एका कागदावर लिहून ठेवा आणि शोधा-बदलाने आधी तेच दुरुस्त करा.

मॉनिटरवरही थोडा खर्च करावा लागेल. मॅकओएसने २०१८ पासून अक्षरांच्या कडा गुळगुळीत करण्याची जुनी पद्धत सोडली, म्हणून साध्या फुल एचडी मॉनिटरवर मॅकमधील बारीक अक्षर विंडोजपेक्षा फिके आणि धूसर भासते. इंग्रजीत हे एक वेळ चालून जाईल, पण आठ-नऊ पॉइंटच्या मराठी मजकुरात अनुस्वार आहे की नाही, रफार कोणत्या अक्षरावर आहे, हे मुद्रितशोधन करताना स्वच्छ दिसलेच पाहिजे. २७ इंची ४के मॉनिटर घ्यावा. तसेच या यंत्राला जुन्या चौकोनी यूएसबीचे एकही पोर्ट नाही. ग्राहक पेनड्राइव्ह घेऊनच येतात, त्यामुळे यूएसबी-सीचे एक चांगले हब पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा.

प्रश्न : चालू करण्याचे बटण यंत्राच्या तळाशी दिले आहे, हे खरे का? — गृहिणी, डोंबिवली

होय. मागच्या डाव्या कोपऱ्यात, खालच्या बाजूला ते आहे आणि कोपरा किंचित उचलून बोटाने दाबावे लागते. माझ्या मते ही जागा चांगली निवडलेली नाही. यंत्र लहान करताना पुढच्या बाजूला दोन पोर्ट आणि हेडफोनची जागा काढता आली, तिथे एका बटणालाही जागा काढता आली असती. प्रत्यक्षात मात्र त्रास कमी होतो, कारण मॅक रोज बंद करण्याची गरज नसते. तो झोपेच्या स्थितीत ठेवला की नगण्य वीज घेतो आणि कीबोर्डची कळ दाबताच जागा होतो.

बटण सोयीचे व्हावे म्हणून काही जण यंत्र उलटे ठेवतात, तसे करू नका. हवा आत घेण्याची आणि गरम हवा बाहेर टाकण्याची सर्व वाट तळाच्या गोल पायातूनच आहे. त्याच कारणाने ते जाड टेबलक्लॉथवर किंवा गादीवर ठेवू नये, कडक पृष्ठभागावरच ठेवावे.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात दिवसातून अनेकदा वीज जाते. या संगणकाला किती मोठा यूपीएस लागेल? — शिक्षक, राजापूर

सर्वांत लहानसुद्धा पुरेल, आणि तुमच्या भागासाठी हा या यंत्राचा फार मोठा गुण आहे. एम४ मॅक मिनी नुसता चालू असताना सुमारे ४ वॉट वीज घेतो आणि पूर्ण ताणावर सुमारे ६५ वॉट. त्यावर मॉनिटरचे वीस-तीस वॉट आणि राउटरचे थोडेसे धरले, तरी बाजारात सर्रास मिळणाऱ्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर लेखन-वाचनाचे काम बराच वेळ चालू शकते. जुन्या टॉवर-संगणकाला तोच यूपीएस काम जतन करून बंद करण्यापुरताच वेळ देत असे.

शक्य असल्यास यूएसबी केबलने संगणकाशी जोडता येणारा यूपीएस घ्या. तसा यूपीएस जोडला की मॅकओएसमध्ये त्याची मांडणी आपोआप दिसते, आणि बॅटरी ठरावीक पातळीच्या खाली गेली की संगणकाने स्वतःहून व्यवस्थित बंद व्हावे, असे ठरवून देता येते. वीज गेल्यानंतर पुन्हा आली की यंत्र आपोआप सुरू करण्याचीही सोय ऊर्जेच्या मांडणीत आहे. ती चालू ठेवली तर तळाच्या बटणापर्यंत हात नेण्याची वेळ तुमच्यावर क्वचितच येईल. विजांच्या कडकडाटात मात्र यूपीएसवर विसंबू नका. प्लग काढा आणि इंटरनेटची तार राउटरला जोडलेली असेल तर तीही काढून ठेवा.

प्रश्न : एक दुकानदार एम२ मॅक मिनी बऱ्याच सवलतीत देतो आहे, आणि दुसरा म्हणतो की व्हिडिओचे काम असेल तर एम४ प्रोच घ्या. माझे यूट्यूबसाठी पाककृतींचे व्हिडिओ असतात, ४के मध्ये. — कोल्हापूर

दोन्ही सल्ले तुमच्या कामाचे नाहीत. सवलतीतला एम२ हा बहुधा ८ जीबी मेमरीचा असेल, आणि ४के व्हिडिओ संपादनाला ती आजच कमी पडते. ती वाढवता येत नाही, हे वर आलेच आहे. दुकानदाराकडे १६ जीबीचा एम२ असेल आणि तो नव्या एम४ पेक्षा खूपच स्वस्त मिळत असेल, तरच त्याचा विचार करावा.

एम४ प्रो असलेल्या मॅक मिनीची किंमत १,४९,९०० रुपयांपासून सुरू होते, म्हणजे मूळ यंत्राच्या अडीचपट. त्यात २४ जीबी मेमरी, ५१२ जीबी साठवण आणि थंडरबोल्ट ५ मिळते, आणि तासाभराचे अनेक कॅमेऱ्यांचे चित्रीकरण, त्रिमितीय चित्रे किंवा रोज मोठे प्रकल्प करणाऱ्याला तो खर्च वसूल होतो. पाककृतीच्या व्हिडिओत एक-दोन कॅमेरे, थोडी अक्षरे आणि पार्श्वसंगीत असते. साध्या एम४ मध्येही एच.२६४, एचईव्हीसी आणि प्रोरेस या व्हिडिओ-फायलींच्या प्रकारांसाठी स्वतंत्र यंत्रणा चिपमध्येच आहे, त्यामुळे फोनवर टिपलेले ४के चित्रीकरण त्यावर सहज संपादित होते. तुम्ही १६ जीबीचा एम४ घ्या, चित्रीकरणासाठी २ टीबीची बाहेरची एसएसडी मागच्या थंडरबोल्ट पोर्टला जोडा आणि उरलेल्या पैशांत स्वयंपाकघरासाठी चांगले दिवे व कॉलरला लावायचा माइक घ्या. कढईतल्या फोडणीचा रंग आणि तडतड प्रेक्षकापर्यंत पोचवायची तर त्यांचा उपयोग प्रोसेसरपेक्षा जास्त होईल.